घड्याळाला बांधलेला दिवस आणि धर्माविषयीचे कुतूहल : सुरुवात कुठून करावी?

दिशाशोध (प्रश्न)

नमस्कार. मी २९ वर्षांची आहे, एका मोठ्या शहरात एकटी राहते आणि संगणकक्षेत्रात नोकरी करते. सकाळी साडेसातला घर सोडल्यापासून रात्री नऊच्या सुमारास कुलपाला किल्ली लावेपर्यंतचा दिवस माझा नसतो. त्यानंतरचे दोन तास कागदोपत्री माझे असले, तरी त्यांतला एक कपडे, भांडी आणि उद्याची तयारी यांत जातो, आणि दुसरा फोनवर बोट फिरवता फिरवता कुठे जातो हे मलाही सांगता येत नाही. ही तक्रार नव्हे. माझ्या वयाच्या बहुतेकांचे असेच चालते. माझा प्रश्न वेगळा आहे.

गेल्या काही महिन्यांपासून धर्म म्हणजे नेमके काय, हे जाणून घ्यावे असे मला फार वाटू लागले आहे. निमित्त अगदी साधे घडले. आमच्या गटात एक ज्यू सहकारी आहे. दुपारी जेवताना बोलण्याच्या ओघात मी तिला सांगितले की माझी आई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. त्यावर ती म्हणाली की तिची आजीही दर शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी दोन मेणबत्त्या लावते. आधी अशासाठी की सूर्यास्तानंतर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि मग अग्नी पेटवायचा नसतो. आणि दोन अशासाठी की शब्बाथची आज्ञा त्यांच्या ग्रंथात दोन ठिकाणी आली असून एका ठिकाणी ‘स्मरण ठेवा’ असे म्हटले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘पाळा’ असे. एवढे सांगून तिने सहज विचारले, “तुझ्या आईचा दिवा कशासाठी असतो?” मी तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की २९ वर्षे मी तो दिवा पाहिला आहे, पण हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. “परंपरा आहे,” असे काहीतरी पुटपुटून मी विषय बदलला.

त्या भरात मी चार पुस्तके मागवली. त्यांपैकी एकाच्या २६व्या पानापर्यंत पोहोचले आहे. उरलेल्या तीनांवरचे वेष्टनही निघालेले नाही. येता-जाता गाडीत उभ्याने कानांत व्याख्याने लावते, आणि वेळ वाचावा म्हणून ती दीडपट वेगाने ऐकते. परवा एक वक्ते म्हणाले, “आता या वाक्यावर क्षणभर थांबा,” आणि तो क्षणही दीडपट वेगाने निघून गेला. तेव्हा मात्र माझे मलाच हसू आले.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे : सुरुवात घरच्या धर्मापासून करावी की सगळ्यांची तोंडओळख करून घेऊन मग एकाकडे वळावे? मला श्रद्धा आहे की नाही हेच मला ठाऊक नसताना हा अभ्यास प्रामाणिकपणे करता येतो का? आणि दिवसाला जेमतेम अर्धा तास हाती असलेल्या माणसाने या वाटेला जावे, की निवृत्तीनंतरच्या यादीत हेही एक लिहून ठेवावे?

पानोपान

निवृत्तीनंतरच्या यादीत टाकू नका. त्या यादीतली कामे कोणी केलेली मी पाहिलेली नाहीत.

आपली गोष्ट वाचताना मला एका फार जुन्या तरुणाची आठवण झाली. पाली त्रिपिटक म्हणजे बौद्धांचा ग्रंथसंग्रह. त्याच्या दीघनिकाय या भागात ३१व्या क्रमांकाचे एक सुत्त, म्हणजे उपदेशपर प्रकरण, आहे, सिगालोवाद नावाचे. राजगृह ही त्या काळी मगधाची राजधानी, म्हणजे तेव्हाचे मोठे शहरच. तिथला सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र पहाटे उठून नगराबाहेर येतो आणि ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी, हात जोडून पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर अशा सहा दिशांना नमस्कार करतो. भिक्षेसाठी निघालेले बुद्ध त्याला विचारतात की हे तू का करतोस. त्यावर तो सांगतो की वडिलांनी मरताना तसे करायला सांगितले होते, आणि त्यांच्या शब्दाचा मान राखण्यासाठी मी ते करतो. म्हणजे “परंपरा आहे” हे उत्तर आपल्याआधी अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन झालेले आहे, तेव्हा त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

बुद्ध त्याला ‘हे सोडून दे’ असे म्हणत नाहीत, आणि ‘चालू ठेव’ असेही म्हणत नाहीत. ते त्या सहा दिशा भरून देतात : पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक दिशेशी कसे वागायचे याचा तपशील पुढे येतो. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगायचा, दोन व्यवसायात घालायचे आणि एक अडीअडचणीसाठी राखायचा, हेही तिथेच सांगितले आहे. धन्याने कामकऱ्याला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, हा भाग मात्र आपण छापून कार्यालयातल्या फलकावर लावावा अशी माझी सूचना आहे.

हे सुत्त अर्ध्या तासात वाचून होते. म्हणून माझे उत्तर असे की ‘धर्म’ नावाचा डोंगर समोर ठेवू नका. एक छोटा, पूर्ण मजकूर घ्या आणि तो सावकाश दोनदा-तीनदा वाचा. सवड नसलेल्या माणसांची सोय धर्मपरंपरांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. कुराणात ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आहेत, पण पठणासाठी त्याचे ३० सारखे भाग पाडलेले आहेत, जेणेकरून रोज एक वाचला तर महिन्यात ग्रंथ पूर्ण व्हावा. ज्यूंनी तोरा, म्हणजे त्यांचा मूळ धर्मग्रंथ, ५४ भागांत विभागून वर्षाच्या आठवड्यांवर बसवली आहे, आणि वर्ष संपले की पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात होते. बौद्धांच्या धम्मपदाच्या ४२३ गाथा २६ वर्गांत लावलेल्या आहेत. पंधरवड्याला एक वर्ग घेतला तरी वर्ष पुरते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर विनोबांचे देता येईल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. २१ फेब्रुवारीला सुरू झालेली ही प्रवचने १९ जूनला संपली : १८ अध्याय आणि १८ रविवार. तुरुंगात वेळेला काय तोटा, असे कोणीही म्हणेल. तरीही आठवड्याला अध्याय एकच.

शंकासूर

वरील प्रतिसाद सुंदर आहे, परंतु त्यातील पहिल्याच पायरीवर माझा आक्षेप आहे. ग्रंथातून धर्म शिकायला गेलेला माणूस बहुधा लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्या पुरुषांचा धर्म शिकून परत येतो. आपल्या आईचा दिवा कोणत्याही ग्रंथातून विझवता येत नाही आणि लावताही येत नाही. तो आईला तिच्या सासूने किंवा आईने शिकवलेला असणार. धर्माभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगे सांगितली होती : विधी, कथा, अनुभव, समाज, नीती, सिद्धान्त आणि वास्तू-मूर्तींसारखी भौतिक बाजू. ‘तुमचा विश्वास आहे का?’ हा प्रश्न त्यांपैकी प्रामुख्याने सिद्धान्ताच्या अंगाला स्पर्श करतो, तेव्हा श्रद्धेचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही. मी स्वतः देव मानत नाही आणि वीस वर्षे हा विषय आवडीने वाचत आलो आहे.

‘धर्म’ हा शब्दसुद्धा जरा जपून वापरावा. संस्कृतातील ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून तो आला आहे आणि त्यात कर्तव्य, नियम, स्वभाव असे बरेच काही मावते. ‘अतिथीला पाणी देणे हा आपला धर्म’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणताही पंथ आपल्या मनात नसतो. पश्चिमेकडील ‘रिलिजन’ हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाबद्दल खुद्द प्राचीन लेखकांचेच एकमत नव्हते. सिसेरोने तो ‘पुन्हा पुन्हा वाचणे, उजळणी करणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला, तर लॅक्टान्शियसने ‘बांधणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी. दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांनी सिसेरोच्या बाजूने विचार करावा, अशी नम्र विनंती.

एक धोक्याची सूचना. आपण दिव्याविषयी शोधायला लागलात की प्रत्येक विधीमागचे ‘शास्त्रीय कारण’ सांगणाऱ्या चित्रफितींचा आपल्यावर पाऊस पडेल. त्यांच्यापासून लांब राहा. ज्यांनी तो विधी घडवला त्यांना त्या कारणाशी काही कर्तव्य नव्हते, आणि जे आज तो पाळतात त्यांनाही नसते. विज्ञानाचा शिक्का मारल्याशिवाय आपली गोष्ट मोलाची ठरत नाही, या भीतीतून ती कारणे जन्माला येतात. त्याऐवजी ‘हे केव्हापासून असे आहे?’ हा प्रश्न विचारत राहा. सनातन म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी आपल्या पणजोबांच्या काळापलीकडे जात नाहीत आणि कालच्या वाटणाऱ्या काही गोष्टी हजारो वर्षे मागे जातात.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित आवडणार नाही. थकवा आणि कुतूहल हे बाहेरून सारखेच दिसतात. रोज तेरा-चौदा तास घराबाहेर राहणाऱ्या माणसाला कुठेतरी शांत बसावेसे वाटणे हे झोपेचे लक्षणही असू शकते. आठ दिवस नीट झोपून पाहा. त्यानंतरही तो दिव्याचा प्रश्न डोक्यात राहिला, तर तो खरा.

घटका_पळे

शंकासूर यांचा शेवटचा परिच्छेद मला पटला, पण झोपेचा आणि धर्माचा संबंध ते तोडतात तितका तुटलेला नाही. प्रश्नकर्तीने वेळेची अडचण सांगितली आहे आणि आपण सारे तिला त्या वेळेत काय वाचावे हे सांगत आहोत. माझ्या मते या विषयात शिरण्याचे दार वेळ हेच आहे. कोणताही धर्म घ्या, त्याने दिवसाचे, आठवड्याचे आणि वर्षाचे काहीतरी केलेले आढळते, आणि ते पाहायला एकही पुस्तक लागत नाही.

ज्या शब्बाथपासून ही चर्चा सुरू झाली, तोच पाहा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यू परंपरेत कामाचे ३९ प्रकार वर्ज्य मानले आहेत : नांगरणे, पेरणे, विणणे, शिवणे, लिहिणे, अग्नी पेटवणे, विझवणे आणि असेच पुढे. ही यादी प्रथम वाचली तेव्हा मला ती कटकटीची वाटली होती. नंतर लक्षात आले की ‘आज जरा आराम करावा’ या सदिच्छेला कोणतेही कार्यालय जुमानत नाही, ‘आज मला लिहिण्याची मुभा नाही’ या नियमाला मात्र काही प्रमाणात जुमानावे लागते.

इस्लाममधील पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात, त्यामुळे त्या ऋतूप्रमाणे रोज थोड्या थोड्या सरकतात. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजानही सौर वर्षाच्या तुलनेत दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. प्रवाशाला चार रकातींची (रकात म्हणजे नमाजाचे एक आवर्तन) नमाज दोन रकातींची करण्याची सवलत आहे, म्हणजे धावपळीचा विचारही त्यात केलेला आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम जसे असेल तसे सोडून निघावे, असे सांगितले आहे. ‘एवढे संपवतो आणि येतो’ ही सोय त्यात नाही! दिवसभरात हे वाक्य आपण किती वेळा उच्चारतो, हे एकदा मोजून पाहावे.

जैन श्रावकांची सामायिक मला सर्वांत जवळची वाटते. तिचा काळ एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. दिवसाचे ३० मुहूर्त, त्यांपैकी एक. तेवढा वेळ गृहस्थ एका आसनावर बसतो आणि घर, व्यवहार, राग-लोभ यांतून बाजूला होतो. संन्यास न घेता मुहूर्तभर साधूसारखे राहणे, अशी त्यामागची कल्पना आहे. आपल्याला अर्धा तास मिळतो असे आपण लिहिले आहे. फोनमधला तास धरला तर पूर्ण मुहूर्त निघून वर १२ मिनिटे उरतात.

दुसऱ्या धर्माच्या माणसाला विचारताना संकोच वाटत असेल, तर एक साधी गोष्ट सांगतो. “तुमच्यात काय असते?” असे विचारू नका, त्या प्रश्नाने समोरचा माणूस एकदम कोट्यवधी लोकांचा प्रवक्ता होतो आणि पाठ केलेले उत्तर देतो. “तू काय करतेस?” असे विचारा. आणि प्रार्थनास्थळी गेलात, तर पहिल्या खेपेस काही विचारूच नका. गुरुद्वारात डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून कोणालाही जाता येते आणि लंगरच्या पंगतीत कोणाच्याही शेजारी बसता येते. तिथे कानावर पडणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात, म्हणजे १४३० पृष्ठांच्या त्या ग्रंथात, आपल्या नामदेवांचीही ६१ पदे आहेत, हे ठाऊक असले की परकेपणा बराच कमी होतो. माझा झाला होता.

पानोपान

घटका_पळे यांच्या प्रतिसादावर एक छोटीशी हरकत नोंदवतो. सामायिक म्हणजे ४८ मिनिटांचा गजर लावून शांत बसणे नव्हे. ती समभावाची प्रतिज्ञा आहे. सुरुवातीला पाठ म्हणून तेवढ्या काळापुरता पापकर्मांचा त्याग केला जातो. तिच्यातून प्रतिज्ञा काढून घेतली आणि मिनिटे तेवढी ठेवली, तर जे उरते ते उपयुक्त असेल, परंतु त्याला सामायिक म्हणू नये. एखाद्या परंपरेतले आपल्याला सोयीचे तेवढे उचलणे आणि ती परंपरा समजून घेणे यांतला फरक सुरुवातीलाच कळलेला बरा, एवढ्यासाठीच लिहिले.

घटका_पळे

हरकत मान्य. मी मिनिटांच्या हिशेबात वाहवलो.

दिशाशोध

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, त्यांतले आठ दिवस शंकासूर यांच्या सांगण्याप्रमाणे झोपण्यात गेले. प्रश्न टिकून आहे.

सिगालोवाद सुत्त मिळाले आणि दोन रविवारी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात कामकऱ्यांना सुट्टी देण्याच्या ओळीपाशीच घुटमळले, हे कबूल करते. दुसऱ्या वाचनात वेगळीच गोष्ट जाणवली. सिगालला ‘का करतोस’ असे विचारले जाते, तेव्हा तो वडिलांचे नाव घेतो, पण वडील जिवंत असताना त्याने त्यांना कारण विचारले होते की नाही, याचा उल्लेख नाही. माझी आई आहे. म्हणून त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

“दिवा का लावतेस?” असे मी थेट विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “का गं, बरी आहेस ना?” मी बरी आहे, याची खात्री पटवण्यात पाच मिनिटे गेली. त्यानंतर तिने सांगितले की लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई लावत असत, त्यांचे गुडघे दुखू लागल्यावर ते काम हिच्याकडे आले, आणि त्यांनीही कधी काही समजावून सांगितले नव्हते. “अंधार पडायच्या आत लावायचा, एवढंच म्हणाल्या होत्या.” मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली की वात नीट करायची तर खाली बसावे लागते, आणि सकाळपासून तेव्हाच ती पहिल्यांदा बसलेली असते. “उठायचा कंटाळा येतो, मग थोडी बसून राहते. तेवढ्यात काहीबाही म्हणते.” ते काहीबाही काय असते, हे तिने सांगितले नाही, आणि घटका_पळे यांची सूचना लक्षात ठेवून मी पहिल्या खेपेस विचारलेही नाही.

ज्यू सहकारिणीला हे सांगितले, तेव्हा तिने फक्त ‘अंधार पडायच्या आत’ हे शब्द पुन्हा म्हणून घेतले. तिच्या आजीचीही घाई तेवढ्यासाठीच असते.

आता एक प्रश्न उरतो. माझ्या घरी पोहोचण्याच्या वेळी अंधार पडून दोन तास झालेले असतात, आणि सूर्यास्ताच्या वेळी मी एकतर बैठकीत असते किंवा गाडीत. सूर्यावर ठरणाऱ्या वेळा पाळणारे नोकरदार हे प्रत्यक्षात कसे जमवतात, याविषयी कोणी स्वतःच्या अनुभवावरून लिहू शकेल का? मी काही पाळायला निघालेली नाही; पण ज्या इमारतीत मी दिवसभर असते तिच्या खिडक्या उघडत नाहीत, आणि गेल्या आठवड्यात सूर्यास्ताची वेळ मला फोनमध्ये पाहावी लागली.